पाहुण्यासाठी राखलेलं दूध

खिंडीच्या वळणावर एमिलबेकची जीप दिसली तेव्हा अनिपा मुश्कीच्या पोटाशी एक गुडघा टेकून बसली होती. बादली मांडीवर तोललेली, एक हात घोडीच्या मागच्या पायाला वेढा घालून कासेपर्यंत गेलेला. शेरगाझी, तिचा नवरा, शिंगराला कवेत धरून मुश्कीच्या मानेशी उभा होता. धार काढताना मान वर करून बघायची अनिपाला सवय नव्हती. घोडी म्हणजे काही म्हैस नव्हे, की दूध कासेत साठवून निवांत रवंथ करत बसली. शिंगरानं आधी तोंड लावायचं, मग घोडी पान्हावणार, लगेच शिंगराला ओढून तिच्या डोळ्यांसमोर धरायचं आणि पान्हा आटायच्या आत बोटं चालवायची. ट्रकचे भोंगे वाजोत की जीप येवो, तेवढा वेळ दुसरीकडे लक्ष देता येत नाही.

जीप तंबूपाशी थांबली. एमिलबेक उतरला, पट्टा वर ओढला आणि दावणीला बांधलेल्या शिंगरांकडे बघत पुढं आला.

"वहिनी, कुमीस शिल्लक आहे का, का सगळा ट्रकवाल्यांना पाजलास?"

"तुझ्यासाठी ठेवलाय की भावजी. पण एका पेल्यात तुझं भागायचं नाही आता. पोट बघ, सातवा महिना लागल्यासारखं दिसतंय."

एमिलबेक मोकळेपणानं हसला. तो परका नव्हता. शेजारच्या तंबूतलं पोर. आई आजारी असायची म्हणून अनिपाच्या सासूनं त्याला याच दावणीच्या दुधावर वाढवलेला. आता अश्व-मंडळाचा तालुक्याचा प्रमुख झाला होता. नवा कायदा आल्यापासून घोड्याच्या कानातला बिल्ला, लसीकरण, कुरणाची वाटणी, रस्त्याकडेला कुमीस विकायचा परवाना, सगळं त्याच्या हातात होतं. हातात सत्ता आली म्हणून तो उद्धट झाला नव्हता, एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो गोड बोलूनच काम करून घेई.

तंबूत बसून त्यानं धुरावलेल्या कातडी पिशवीत घोडीचं दूध आंबवून केलेल्या कुमीसचे तीन पेले रिचवले, मिशा पुसल्या आणि मुद्द्यावर आला.

"शनिवारी सगळ्यांनी घोड्या आणि शिंगरं घेऊन खाली तालुक्याच्या मैदानावर यायचंय. अश्व-कल्याण दिन आहे. राजधानीतून मंडळाचे उपाध्यक्ष येणार आहेत."

"कल्याण कुणाचं?" अनिपानं विचारलं.

"घोड्यांचं गं."

"मग त्यांना इथंच गवतात राहू दे. अख्खी खिंड उतरून उन्हात जायचं आणि परत चढायचं, ह्यात कसलं कल्याण?"

"वहिनी, तू पण ना!" एमिलबेक शेरगाझीकडे वळला. "दादा, पुढच्या वर्षीचे परवाने ह्याच महिन्यात व्हायचेत. कोण आलं, कोण नाही आलं, हे वरचे लोक बघणारच."

"येतो की. न यायला काय झालं?" शेरगाझी घाईघाईनं म्हणाला. शेरगाझी कुणालाही नाही म्हणत नसे. वाऱ्यालाही म्हणत नसे. वारा सुटला की टोपी धरून पाठ फिरवायची, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"मुश्कीचं शिंगरू नाही आणणार मी," अनिपा म्हणाली. "ती उशिरा व्यालीय. त्याचे चार पाय अजून चार दिशांना जातात."

"नेमकं तेच आण. पाहुण्यांसमोर धार काढायला मी तुझं नाव दिलंय. अख्ख्या तालुक्यात तुझ्यासारखा हात कुणाचा नाही, आणि मुश्कीसारखी घोडी नाही."

अनिपाला ते ऐकून बरं वाटलं. जन्मभर घोड्यांच्या पोटाशी गुडघा घासला, गुडघ्याला घट्टे पडले, बोटं हिवाळ्यात वाकेनाशी झाली. पण तुझा हात चांगला आहे असं घरातलंसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं. जीप निघून गेल्यावर तिनं पेटीतला निळा रुमाल काढून उन्हात टाकला.

शनिवारी उजाडताच ते निघाले. मुश्कीचं शिंगरू आईसारखंच काळंकुळकुळीत होतं, कपाळावर तेवढी पांढरी चांदणी. उतारावर ते धडपडे, आईच्या पोटाखाली शिरे, दोन घोट पिऊन पुन्हा उड्या मारत पुढं जाई. पलीकडच्या तंबूतले म्हातारे सागिनबाबा त्यांची अबलख घोडी आणि तिचं पिल्लू घेऊन बरोबर होते. वाटेत त्यांनी जरा रंगवून गोष्टी सांगितल्या. शेरगाझी हसत होता. एकंदरीत जत्रेला निघाल्यासारखंच सगळे निघाले होते.

मैदानावर मांडव होता, मांडवात गालिचे, गालिच्यांवर खुर्च्या. वर भलामोठा फलक, 'सुखी घोडा, समर्थ देश'. मांडवासमोर लांबच लांब दावण ताणलेली. शिंगरं दावणीला बांधायची आणि घोड्या पलीकडं खुंट्यांना, असं ठरलं होतं. घोड्यांच्या टाकीत पाणी नव्हतं. पाण्याचा टँकर आला होता, पण तो रस्त्यावर सडा घालत फिरत होता. पाहुण्यांच्या गाडीपुढं धूळ उडायला नको ना!

एमिलबेक नवा कोट घालून दावणीवरून फिरला. "ऐका सगळ्यांनी. पाहुणे येईपर्यंत एकही शिंगरू आईला लावायचं नाही. कास भरलेली दिसली पाहिजे. पहिला पेला पाहुण्यांचा!"

यावर कुणाच्या तोंडून ब्र निघाला नाही, आणि निघणारही नव्हता. या डोंगरांत पाहुण्याच्या आधी कुणी पेल्याला तोंड लावत नाही. पाहुणा उशिरा आला तर घरचा म्हातारा ताटकळत बसतो, पोरं मांसाच्या वासावर झोपी जातात, पण पहिला वाटा पाहुण्याचा. हा रिवाज सगळ्यांच्या हाडात इतका मुरलेला की त्या दिवशी तो शिंगरांनाही लावला गेला आणि त्यात काही वावगं आहे असं एकाही शहाण्याला वाटलं नाही. अनिपानं स्वतःच्या हातानं मुश्कीच्या शिंगराची गाठ आवळली.

ऊन चढलं. भोंग्यावर गाणी लागली. शिंगरं आधी ओरडली, मग दावण चावू लागली, मग एकेक करून खाली बसली. पलीकडे घोड्या खुंट्यांभोवती फिरून माती उकरत होत्या. मुश्कीची कास दगडासारखी झाली होती, सडांतून थेंब गळत होते. थेंब मातीत जिरत होते आणि पन्नास पावलांवर तिचं शिंगरू जीभ बाहेर काढून पडलं होतं.

दुपार झाली तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. खिंडीपलीकडच्या गावात त्यांचं जेवण चाललंय, अशी बातमी आली. अनिपा उठली, दावणीपाशी गेली आणि गाठ सोडायला वाकली.

"वहिनी, जरा दम धर," एमिलबेक धावत आला. "गाडी पुलावर आलीय."

"शिंगरू पडलंय एमिल. हे बघ, नाक किती तापलंय."

"पुलावर आलीय म्हणतो ना. आता तू दूध पाजलंस तर पाहुण्यांसमोर काढणार काय? माझी लाज तुझ्या हातात आहे."

अनिपानं हात मागं घेतला. शेरगाझीनं आपली पांढरी टोपी काढून शिंगराच्या डोक्यावर सावली धरली. बराच वेळ गेला, पूल आपल्या जागी होता आणि गाडी काही येत नव्हती.

उन्हं कलल्यावर गाड्या आल्या. उपाध्यक्ष तरुण होते, गोरेपान, घामेजलेले. ते घोड्यांवर पुष्कळ बोलले. घोड्याला भूक लागते, तहान लागते, भीती वाटते, हे आता कायद्यानं मान्य केलं आहे, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. मग एमिलबेकनं अनिपाच्या नावाचा पुकारा केला.

शिंगराला शेरगाझीनं उचलूनच आणलं. त्याचं तोंड त्यानं सडाला लावलं, पण ते ओढेना; नुसतं तोंडात धरून उभं राहिलं, गुडघे लटपटत. मुश्कीला तेवढंही पुरलं. ती पान्हावली, इतकी की चारी बाजूंना दूध उडालं. अनिपाचे हात आपोआप चालू लागले. कॅमेरे पुढं आले. बादलीतला पहिला पेला एमिलबेकनं दोन्ही हातांनी उपाध्यक्षांना दिला. त्यांनी ओठ ओले केले, हसले आणि पेला मागं सरकवला. मागच्यानं त्याच्या मागच्याला दिला. शेवटी तो एका गाडीच्या टपावर जाऊन बसला आणि गाडी निघताना कुणीतरी ते दूध रस्त्यावर ओतून दिलं. या मुलखात पांढरं जमिनीवर ओतायला माणूस शत्रूच्या दारातसुद्धा धजत नाही. सागिनबाबांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

खिंड चढताना शिंगरू शेरगाझीच्या खोगिरावर आडवं होतं. त्याला पाणी पाजलं, बोटानं दूध चाटवलं. मुश्की मागून त्याच्या लोंबत्या पायांना नाक लावत चालली होती. वरच्या ओढ्यापाशी शेरगाझीनं घोडा थांबवला, शिंगराच्या छातीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. अनिपाला काय ते कळलं. ती तिथंच खाली बसली आणि छाती पिटून रडली. शेरगाझी म्हणाला, "लोक बघतायत." तेव्हा ती आणखी मोठ्यानं रडली.

मुश्कीनं पुढं दोन दिवस कुणाला जवळ येऊ दिलं नाही. खालच्या रस्त्याकडे तोंड करून ती खिंकाळत राही. कास तापून लाल झाली. मग अनिपानं जे तिच्या सासूनं केलं असतं तेच केलं. शेरगाझीनं उतरवलेलं शिंगराचं कातडं तिनं मीठ चोळून वाळवलं, आत गवत भरलं, पोटाशी टाके घातले, पायांच्या जागी काठ्या बसवल्या. याला तुलुप म्हणतात. डोळ्यांच्या जागी नुसती भोकं होती, मान एकीकडे कलली होती, पण कपाळावरची चांदणी जिथल्या तिथं होती. तिनं ते मुश्कीसमोर नेऊन ठेवलं. घोडीनं नाकपुड्या फुलवल्या, मान खाली घातली, हुंगलं, मग चांदणी चाटू लागली. आणि पान्हावली. अनिपा धार काढत होती आणि तिचे अश्रू बादलीत पडत होते. घोडीला फसवतोय आपण, असं तिला वाटत होतं; पण न फसवावं तर कास नासून घोडीच जाणार होती.

आठवड्याभरात एमिलबेक आला. या खेपेला त्यानं कुमीस मागितला नाही. तो दावणीपाशी उभा राहिला, तुलुपाकडे बघितलं आणि बूट मातीत घासले.

"वाईट झालं वहिनी."

"वाईट झालं नाही. केलं."

"मी त्यासाठीच आलोय. हे बघ, नवा नियम असा आहे की शिंगरू दगावलं की चौकशी. चौकशीत मालकाची हयगय निघते. परवाना जातो."

"टाकी कोरडी ठेवली ती हयगय कुणाची? शिंगरांना तोंड लावू देऊ नका म्हणणारा कोण होता?"

"त्याला रकाना नाहीये वहिनी," एमिलबेक अगदी खरेपणानं म्हणाला. "फक्त मालकाची हयगय, रोग किंवा लांडगा. मी तुमचं मिटवून टाकलंय. शिंगराला बिल्ला बसलाच नव्हता, तो दूध तुटल्यावर बसतो. तेव्हा मुश्की यंदा भाकड, असं लिहिलंय. शिंगरू झालंच नाही, तर मरेल कसं?"

अनिपानं पायाशी ठेवलेल्या बादलीकडे बोट केलं. "भाकड? आणि ह्या बादलीत काय आहे? माझं दूध आहे?"

"हळू बोल की."

"पहाटे थंडीत उभी राहून मी तिचं बाळंतपण केलंय. शिंगरू माझ्या पदरात पडलंय, एमिल. ते झालंच नाही म्हणतोस? तुला ह्याच दावणीवर वाढवला रे. तूही झाला नव्हतास असं लिहून टाकू?"

एमिलबेकचा चेहरा उतरला. "म्हणूनच तर करतोय. दुसऱ्या कुणासाठी केलं नसतं."

ते खोटं होतं. सागिनबाबांचं पिल्लूही त्याच आठवड्यात गेलं होतं आणि त्यांची अबलख घोडीही भाकड झाली होती. पण ते अनिपाला तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यानं लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"जाऊ दे," शेरगाझी मध्ये पडला. "मिटलं ना? परवाना राहिला. एमिल, बस, चहा घे."

अनिपानं बादली उचलली आणि ती तंबूत गेली. पिशवीतला कुमीस घुसळताना दांडका आपटल्याचा आवाज बाहेर चहा पिणाऱ्या दोघांना ऐकू येत होता. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली. एमिलबेकचं वागणं एक वेळ समजण्यासारखं होतं, तो पोटासाठी वाकला होता. पण ज्यानं त्या शिंगराच्या डोक्यावर स्वतःची टोपी धरली, तो माणूस 'मिटलं' म्हणतो, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

गवत पिवळं पडलं, तंबू उतरले, सगळे खाली गावात आले. मुश्की अजून तुलुपावर दूध देत होती. आणि मग तालुक्यात बोलावणं आलं. त्या उन्हाळ्यात तालुक्यात एकही शिंगरू दगावलं नाही म्हणून मंडळानं गौरव करायचं ठरवलं होतं. तेच उपाध्यक्ष येणार होते. अश्व-कल्याण दिनाला आलेल्या प्रत्येक घराला एकेक भरजरी झूल मिळणार होती.

शेरगाझीनं टोपी घासूनपुसून ठेवली. "तू येतेस ना?"

"येते," अनिपा म्हणाली. "तू हो पुढं. मी मुश्कीला घेऊन येते."

"घोडी कशाला?"

"तिचाच गौरव आहे ना?"

मंडळाच्या कार्यालयाचं अंगण माणसांनी भरलं होतं. पायऱ्यांवर गालिचा, गालिच्यावर टेबल, टेबलावर झुलींची चळत. शेरगाझीचं नाव पुकारून झालं होतं, त्याच्या खांद्यावर लाल झूल पडली होती आणि तो गर्दीत परतत होता, तेव्हा फाटकातून अनिपा आली. डोक्याला निळा रुमाल, मागं मुश्की, कडेवर मूल घ्यावं तसं काखेत काहीतरी काळं. माणसं बाजूला झाली. काय आहे ते दिसल्यावर आणखी बाजूला झाली.

ती थेट पायऱ्यांपाशी गेली आणि तुलुप गालिच्यावर उभं केलं. एक काठी वाकडी झाली होती, ती नीट केली. मुश्कीनं मान खाली घातली, चांदणी हुंगली, चाटली. सगळ्या अंगणात तिच्या जिभेचा खरखर आवाज ऐकू येत होता. मग तिच्या सडांतून दूध सुटलं आणि गालिच्यावर टपटपू लागलं.

"हे काय आहे?" उपाध्यक्षांनी विचारलं. "ही घोडी कुणाची? हिची नोंद बघा."

एमिलबेकनं टेबलावरचे कागद हातात घेतले. त्याला बघायची गरज नव्हती. "भाकड आहे, साहेब," तो पुटपुटला.

दूध टपटपत होतं. मागं कुणीतरी फुसकन हसलं, मग दुसरं, मग सगळं अंगण हसू लागलं. पण त्या हसण्यात गंमत नव्हती, आणि ते फार वेळ टिकलंही नाही. सागिनबाबांचा आवाज तेवढा राहिला. "माझी अबलखही भाकडच आहे, साहेब. तिचं पिल्लू मी ओढ्याकाठी पुरलंय."

अनिपानं एक गुडघा टेकला होता. तिनं पदराखालून पेला काढला, हात घोडीच्या पायाला वेढा घालून आत गेला आणि पेला भरला. उठून तिनं तो दोन्ही हातांनी उपाध्यक्षांसमोर धरला, जसा पाहुण्यासमोर धरतात.

"घ्या. त्या दिवशी ह्याच्या तोंडचं काढून तुमच्यासाठी राखलं होतं. तुम्ही रस्त्यावर ओतून गेलात. आज पिऊन जा."

"बाई, हे शिंगरू..." उपाध्यक्षांनी एमिलबेककडे पाहिलं. "हे मेलं कशानं?"

एमिलबेक हातातले कागद उलटत राहिला. अनिपा तोंड उघडणार, इतक्यात तिला बाजूला कुणीतरी आल्याचं जाणवलं. शेरगाझी होता. त्यानं खांद्यावरची लाल झूल काढून टेबलावरच्या चळतीवर परत ठेवली. टोपी मात्र काढली नाही.

"तहानेनं," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला, म्हणून त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "तहानेनं मेलं. तुमच्या मैदानावर. तुमची वाट बघत. बांधलं आम्ही, पण बांधा म्हणालात तुम्ही."

अनिपानं नवऱ्याकडे पाहिलं नाही. पेल्यातलं दूध हिंदकळलं असतं. उपाध्यक्षांनी पेला घेतला, कारण या मुलखात पुढं केलेला पेला न घेऊन चालत नाही. घेतला, पण त्यांना तो तोंडाला लावता येईना, आणि एवढ्या डोळ्यांसमोर मागं सरकवताही येईना. एमिलबेक मागंच उभा होता, पण त्यानं हात पुढं केला नाही. मुश्की चाटत होती. पाहुण्यानं पेला संपवल्याखेरीज कुणी हलायचं नाही हा तिथला रिवाज, तेव्हा अंगणातलं कुणीच हललं नाही.